गादे दिसले काय?

वर्ल्ड कपच्या आधीचा दोहा ज्यांनी पाहिला नाही, त्यांना सांगून पटायचं नाही. रोज सकाळी रस्ता वेगळा! काल जिथून उजवीकडं वळलो तिथं आज लाल-पांढऱ्या अडथळ्यांची रांग उभी, आणि पलीकडं मेट्रोसाठी खणलेला हा भला मोठा खड्डा. ऑफिसात पोचल्यावर माणसं गुड मॉर्निंगच्या आधी "आज कुठून आलास रे?" असं विचारायची. जिकडं बघावं तिकडं क्रेन, आणि डोळ्यांत धूळ. त्या सगळ्या खणाखणीत एका माणसाची वाट मात्र कुणी अडवली नव्हती. कॉर्निशच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याच्या, धक्क्यावरचा कासम नाखवा. त्याची वाट पाण्यातली, तिथं कोण बॅरिकेड लावणार?

नाखवा म्हणजे बोटीचा मुख्य, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गंमत अशी की कतारी माणसालाही सांगायला नको, त्यांच्याकडंही शब्द जवळपास तोच. कासम साठीला टेकलेला, उन्हावाऱ्यानं वाळून सुक्या बोंबलासारखा झालेला. वर लाँचच्या मालकानं दिलेला कडक पांढरा शर्ट, खाली चौकड्याची लुंगी. गोरे पर्यटक फोटो काढायला लागले की कमरेच्या वरचाच काढा म्हणून हातानं खुणावायचा. त्याची ती लाकडी लाँच, वर गालिचे, लोड, रंगीत दिवे. संध्याकाळी ती माणसं घेऊन निघाली की समोर वेस्ट बेच्या इमारती उजळायला लागायच्या. आता आठवलं तरी जीव हळवा होतो.

आपल्या मराठी मंडळींना त्याचा शोध लागला तो शैलजा वैद्यमुळं. शैलजा नाशिकची, राहायला अल दुहैलला, नवरा नंदू गॅस कंपनीत इंजिनियर. एकदा कॉर्निशवर फिरताना नंदू म्हणाला, चल, बोटीत बसू. त्यावर ती भर रस्त्यात कडाडली, "त्या लाकडी खोक्यात? मध्येच बुडली म्हणजे?" तेवढ्यात धक्क्याखालून आवाज आला, "नाय बुडनार, बाय. एवढ्या वर्सांत नाय बुडली, ती तुमच्यासाठीच कशाला बुडेल?"

शैलजा आधी ओशाळली, मग हसली, आणि त्या दिवसापासून कासम आपला झाला. मराठी मंडळाची कोजागरी त्याच्या लाँचवर, कुणाचा पन्नासावा वाढदिवस त्याच्या लाँचवर. परमुलखात आपली भाषा बोलणारा नाखवा मिळाल्यावर माणूस आणखी काय मागणार!

कासम मूळचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचा. गावाचं नाव कोंडबंदर. बाप खाडीत होडी चालवायचा, या काठची माणसं त्या काठाला पोचवायचा. बापाचा हात दुखायला लागला तशी वल्ही कासमच्या हातात आली. लग्न झालं, तय्यबा घरात आली. ती खाडीच्या वरच्या अंगाची, डोंगराकडच्या गावातली. तिला पाण्याचं भारी भय. पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा होडीत बाजाराची दहाबारा माणसं, आणि ही मधोमध आखडून बसलेली. एवढ्यात भरतीच्या पाण्याबरोबर गादे आले. गादा म्हणजे डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेला. बोय माशांच्या मागं ते खाडीत पार आतपर्यंत शिरायचे. एक गादा होडीच्या अगदी कडेला येऊन 'फुस्स' करून गेला. तय्यबानं दचकून कासमचा हात घट्ट धरला. भर दिवसा, गावातल्या दहाबारा माणसांसमोर, नव्या नवरीनं! त्या काळात ही केवढी गोष्ट. माणसं महिनाभर कासमला चिडवत होती, आणि कासम मनातल्या मनात गाद्यांचे उपकार मानत होता.

पुढं वर्षाभरात तो कतारला आला. आधी मासेमारीच्या लाँचवर, जाळी ओढायला.

तेव्हा फोन कुठले! कॅसेट असायची. गावाला निघालेल्या माणसाच्या हातात आपला आवाज भरून द्यायचा. पण कॅसेट काय एकट्या बायकोसाठी असते होय? गावी पोचली की घरात टेप लागायचा. सासू मध्ये, सासरा ओटीवर, शेजारपाजारचे दारात. सगळे कान टवकारून. त्यात नवऱ्यानं बायकोला काय सांगावं? तुझी आठवण येते म्हणावं, तर म्हातारी म्हणणार, आईची नाय येत वाटतं! पहिल्या कॅसेटवर कासमनं सगळ्यांची नावं घेऊन सलाम सांगितले, खाण्यापिण्याचं सांगितलं, आणि शेवटी घसा खाकरून म्हणाला, "आनि हितं गादे दिसले. आपल्या खाडीत होते तसेच. अगदी बोटीच्या कडेला आले." आईबापाला वाटलं, पोरगं समुद्राची हकिकत सांगतंय. आत चुलीजवळ बसलेल्या एकटीला कळलं काय ते. आणि ते खरंच होतं, बरं का. त्या दिवशी त्याला गादे खरोखर दिसले होते. आखातात आपल्या खाडीतलेच गादे बघून त्याच्या हातातलं जाळं सुटता सुटता राहिलं.

उलट कॅसेट आली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तय्यबाचा बारीक आवाज, "हितं पन गादे आले होते. बरे हायत."

झालं! तेव्हापासून ती दोघांची खूण ठरून गेली. कुणी ठरवली नाही, आपोआप ठरली. कॅसेटी गेल्या, फोन आले. तिकडं ती एस्टीडीच्या बूथमध्ये, मागं रांग. इकडं तो आठ जणांच्या खोलीत, सात जोडी कान उघडे. मोकळं बोलायची सोय तेव्हाही नव्हतीच. दर शुक्रवारी नमाज झाली की फोन, जेवलाव काय, जेवलो, पोरगी बरी हाय काय, बरी हाय, आणि शेवटी तिचा प्रश्न, "गादे दिसले काय?"

"दिसले. तिकडं?"

"आले होते."

म्हणजे मी ठीक, तू ठीक, फोन ठेव. त्याला कावीळ झाली तेव्हाही गादे दिसले. मुलीच्या लग्नाला सुटी मिळाली नाही तेव्हाही दिसले. "नाय दिसले" असं म्हणायची सोयच राहिली नव्हती. तसं म्हटलं असतं तर त्या बाईनं तिकडं पाण्यात उडी घेतली असती! आखातात गेलेला आपला माणूस घरी खरं कधी सांगतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. फरक एवढाच, बाकीचे पगाराबद्दल बोलायचे आणि कासम गाद्यांबद्दल.

आणि खरी गोष्ट अशी होती, की गेल्या कित्येक वर्षांत कासमला एकही गादा दिसला नव्हता. त्यांनी जागा बदलली, का बोटींच्या गोंगाटाला कंटाळले, का आपल्याच डोळ्यांत मोती पडायला लागलाय, त्याला काही कळत नव्हतं. रोज सुकाण धरून तो पाण्यावर नजर फिरवायचा, आणि रोज पाणी नुसतंच पाणी असायचं.

वर्ल्ड कपला चार वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. मालकाचा मुलगा धक्क्यावर आला आणि कासमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वर्ल्ड कप होईपर्यंत काम सोडून गावी जायचं नाही. जगभरची माणसं येतील, त्यांना तूच फिरवायचं, तुझ्यासाठी नवा युनिफॉर्म शिवू, सोनेरी पट्टीचा. कासमची छाती फुगली. आयुष्यभर कुणी त्याला थांब म्हणालं नव्हतं, सगळ्यांनी 'यल्ला, यल्ला' करून पुढंच ढकललं होतं. शुक्रवारच्या फोनवर त्यानं मोठ्या ऐटीत तय्यबाला सांगितलं, अजून चार वर्सं.

पलीकडून ती म्हणाली, "मी येते तिकडं."

कासमला वाटलं, रागाच्या भरात बोलली असेल. बाईमाणूस कुठली एकटी विमानात बसायला! पण भारतातून येणाऱ्यांना विमानतळावरच महिन्याचा व्हिसा मिळायला लागला होता. लेकीनं तिकीट काढून दिलं, आणि एक दिवस तय्यबा हमाद विमानतळावर खरोखर उभी राहिली. एका हातात आमसुलं, सोडे, कुळथाच्या पिठाची पिशवी आणि डोळ्यांत फौजदाराची नजर. होडीत घाबरून बसणारी पोर ती हीच, हे सांगून खरं वाटलं नसतं. कासमचा पुतण्या रहमान एसी दुरुस्तीच्या कामाला होता, बायकोसह अल अझीझियाला एका व्हिलात पार्टिशन घालून केलेल्या दोन खोल्यांत राहायचा. त्यानं आपली एक खोली काकीला दिली.

पहिल्या आठवड्यात तय्यबानं तपासणी केली. तपासणीच ती! इतक्या वर्षांत फोनवर ऐकलेली एकेक गोष्ट ती डोळ्यांनी पडताळून बघत होती. "तुमी बोलला होताव, खोलीतून समिंदर दिसतो." कासमनं तिला खोली दाखवली. आठ खाटा, एकावर एक. खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या एसीचं ढुंगण दिसत होतं. "समिंदर त्याच्या मागं हाय," कासम म्हणाला. तय्यबानं त्याच्या खाटेवरची गोधडी हातात घेऊन बघितली. तिनंच लग्नानंतर शिवून दिलेली, पार विरून गेलेली. "तुमी बोलला होताव, मालकानं जाड ब्लँकेट दिलंय." कासमनं गोधडी तिच्या हातातून घेऊन उशाखाली सरकवली.

घरी परतल्यावर तिनं रहमानच्या स्वयंपाकघरात पिठलं केलं, त्याला पोटभर वाढलं आणि तो बोटं चाटत असताना म्हणाली, "वर्ल्ड कपपर्यंत ऱ्हानार म्हनताव. ऱ्हावा. मी नाय अडवनार. पन मना तुमचे गादे दाखवा."

कासमचा घास तोंडातच राहिला.

"गादे दिसले तर मी समजेन, हितं खरंच तुमचं बरं चाललंय. मी एकटीच विमानात बसेन, पुन्ना शब्द काढनार नाय."

"आनि नाय दिसले तर?"

"तर ब्याग भरा."

आता आली का पंचाईत! कासमच्या जिवाची नुसती तगमग. गावी जायचं त्याला नको होतं असं नाही. भय होतं. गावी तो कोण? बापाची होडी कधीच मोडली, खाडीवर पूल झाला. इथं निदान धक्क्यावर माणसं 'नाखवा' म्हणून हाक मारतात. आणि त्याहून मोठं भय हे, की गादे खोटे ठरले तर मग आणखी काय काय खोटं ठरेल? खोली खोटी, ब्लँकेट खोटं, तेवढं तिनं गिळलं होतं. पण गादे म्हणजे कॅसेटवर शेवटी सांगितलेलं ते. तेच खोटं निघालं तर मागं राहिलं काय?

त्यानं टाळाटाळ सुरू केली. आज उत्तरेचा शमाल वारा सुटलाय. आज इंजिनाचं तेल बदलायचंय. आज मालकाचे पाहुणे. तय्यबा "बरं" म्हणायची आणि कॅलेंडरकडं बघायची. परतीची तारीख जवळ येत चालली होती.

अशात शैलजाचा फोन आला. "काका, शनिवारी आम्हाला न्यायचंच. आमच्या अंतराला शाळेत प्रोजेक्ट आहे, नाहीशा होत चाललेल्या प्राण्यांवर. डॉल्फिन बघायचेत, ते पाठीवर कुबडवाले. दिसतील ना?"

मागून अंतराचा आवाज, "आई, टेल हिम दे आर एन्डेंजर्ड!"

"अगं हो, म्हणूनच लवकर बघून घेऊ," शैलजा म्हणाली.

कासम नेहमीसारखा "इन्शाल्ला" म्हणाला. पण त्या दिवशी तो शब्द त्याच्या तोंडून नुसता निघाला नाही, मनापासून निघाला. शेजारी बसलेल्या तय्यबानं सगळं ऐकलं होतं. "मी पन येनार," ती म्हणाली.

शनिवार उजाडला. मंडळाची सहल, त्यामुळं आठची वेळ म्हणजे साडेनऊ. कुणी डबा विसरलं, कुणी नवरा विसरलं. शैलजा धक्क्यावर उभी राहून माणसं मोजतेय, दर वेळी आकडा वेगळा. शेवटी इंजिनवाला जाफर वैतागला. "यल्ला, अब जो आया वो आया!" जाफर कच्छचा, त्याचा आणि मराठी सहलींचा सूर कधी जुळला नाही. तय्यबा चढताना क्षणभर थांबली. कासमनं हात पुढं केला, पण ती फळीचा कठडा धरून एकटीच चढली आणि मागं सुकाणाजवळच्या बर्फाच्या पेटीवर जाऊन बसली.

लाँच निघाली. पोह्यांचे डबे उघडले, गाणी सुरू झाली. कासमचं कशातच लक्ष नव्हतं. नेहमी तो सफलिया बेटाला वळसा घालून परत फिरायचा. आज बेट मागं टाकलं, लुसैलच्या क्रेन डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडं निघाला. जाफर खालून ओरडला, डिझेल का पैसा तेरा बाप देगा क्या? कासम ऐकू न आल्यासारखा. त्याची नजर पाण्यावर, आणि तय्यबाची त्याच्या तोंडावर. मनातल्या मनात तो गाद्यांच्या विनवण्या करत होता. अरे बाबांनो, तुमच्यामुळं तिनं माझा हात धरला होता, एवढी वर्षं तुमची नावं घेतोय, आज एकदा तोंड दाखवा. पाठ तरी दाखवा!

दुपार कलली. नंदू दुर्बीण लावून लावून दमला. अंतरा लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पालथी पडून पाणी बघत होती, तीही गप्प झाली. "बॅड लक," कुणीतरी म्हणालं. "चालायचंच हो, निसर्ग आहे," असं म्हणून दुसऱ्यानं चकलीचा डबा पुढं केला. कासमनं जाफरला इंजिन बंद करायला सांगितलं. तेवढा एकच उपाय उरला होता, गोंगाट नको. लाँच पाण्यावर नुसती डुलायला लागली. सगळी मंडळी पुढं, मागं सुकाणाजवळ ही दोघंच.

बराच वेळ गेला. मग कासम सुकाणावरचे हात काढून तिच्यासमोर खाली बसला.

"तय्यबा, नाय दिसत."

"बगतेय मी."

"आजच नाय. किती वर्सं झाली, नाय दिसले. मी तुला सांगत ऱ्हायलो दिसले, दिसले. एक पन नाय दिसला." एवढं बोलताना त्याला लाज वाटत होती, आणि मोकळंही वाटत होतं.

तय्यबानं ओढणी सारखी केली. रडेल, चिडेल, काहीतरी करील म्हणून तो वाट बघत होता. ती म्हणाली, "आपल्या खाडीत तरी कुटं येतात?"

"काय?"

"पूल झाला, मंग वर कारखाने आले. पानी आदी पिवळं झालं, मंग काळं. बोय मेली, शिंपल्या-तिसऱ्या मेल्या. शेवटचा गादा मेलेलाच आला. भरतीबरोबर, आपल्या घरामागच्या चिखलात. मी आनि शेजारनींनी ओढून वर काढला. कुत्री तोंड लावायला लागली, म्हनून माझी चादर घातली वर. मंग पुरला तितंच, माडाच्या बुडात."

"कदी?"

"तुमची आई गेली, त्याच आठवड्यात."

कासमला तो शुक्रवार आठवला. आईच्या मातीला जाता आलं नव्हतं, आणि तो फोनवर रडत होता. "त्या दिवशी तू बोललीस, चार आले होते. पिल्लू पन होतं म्हनालीस!"

"तुमी रडत होताव. मी काय बोलू, मेला म्हनून?"

त्या पिल्लावर कासमनं पुढं कितीतरी दिवस काढले होते. केवढं झालं असेल, आईमागं फिरत असेल, असं सुकाण धरल्या धरल्या मनात आणलं होतं.

"आनि माझं खोटं तुला कदी कळलं?"

"खोटं सुरू झालं त्याच वर्साला. खरं दिसले तवा तुमी अडखळत सांगितलं होतं. नंतर आपले पाठ म्हनल्यासारखे, दिसले, दिसले."

"म्हनजे तू सगळं जानून मना दर शुक्रवारी विचारायचीस? खोटारडी!"

"आनि तुमी मोठे हरिश्चंद्र लागून गेलाव!"

"मी तुला बरं वाटावं म्हनून—"

"मंग मी काय तुमाला वाईट वाटावं म्हनून?"

भांडण असं जुंपलं म्हणता! इतक्या वर्षांचं साठलेलं. समोरासमोर भांडायला मिळालं कुठं होतं दोघांना? सुटीला यायचा तो पाहुण्यासारखा, पाहुण्याशी कोण भांडतं? ती ब्लँकेटवर घसरली, तो चादरीवर. बोलता बोलता तय्यबाला एकाएकी हसू फुटलं. "मेल्या गाद्यांनी दोघांचा संसार चालवला!" कासमही हसायला लागला, हसता हसता डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि थांबेचना. तय्यबानं ओढणीच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, आणि त्याचा हात धरला. घट्ट, त्या होडीत धरला होता तसा.

नेमकी तेव्हाच पुढून एकच किंकाळी उठली. "ते बघा! ते बघा! अगं बाई, किती जवळ!"

लाँचवरची सगळी माणसं एका बाजूला धावली, जाफर खालून बोंबलला. कासम आणि तय्यबा दचकून उठले, वळले, माणसांच्या पाठींमधून वाट काढून कडेला पोचले. पाण्यावर नुसती वर्तुळं पसरत होती. लाँचच्या अगदी कडेला, हात घातला असता तर भिजला असता एवढ्या जवळ. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! वर्तुळं मोठी होत गेली, आणि पाणी परत सपाट झालं. कासमनं बराच वेळ वाट बघितली. परत काही वर आलं नाही.

इकडं मंडळींची दिवाळी. तीन होते म्हणे, नाही, चार. एक पाठीवरचा उंचवटा दाखवत सावकाश गेला. नंदूच्या व्हिडिओत आभाळ आलं होतं आणि शैलजाचा खांदा. अंतरा धापा टाकत मागं आली, डोळे एवढे मोठे झालेले. "नाखवाकाका, डिड यू सी? डिड यू सी देम?"

कासमनं तय्यबाकडं बघितलं. तय्यबानं त्याचा हात अजून सोडला नव्हता.

"दिसले," ती अंतराला म्हणाली. "दिसले हो, बाय."

"दिसले," कासम म्हणाला.

घरी आल्यावर खरा तंटा झाला. कासम म्हणाला, गादे आले होते, म्हणजे मी जिंकलो. तय्यबा म्हणाली, मला नाही दिसले.

"सगळ्यांना दिसले की!"

"मी काय सगळ्यांशी लगीन लावलं होतं?"

रहमानला न्याय करायला बोलावलं, तर त्या शहाण्यानं कानांवर हात ठेवले. तय्यबानं मग ताणलं नाही. उरलेल्या दिवसांत तिनं कासमला रोज पिठलं-भात खाऊ घातला, ती विरलेली गोधडी चुरगळू न देता घडी करून आपल्या ब्यागेत टाकली आणि त्याच्या खाटेवर नवीन टाकली. गावाहून येतानाच शिवून आणली होती. विमानतळावर ब्याग एकच गेली, तिची. कासम मात्र काचेपलीकडं ती दिसेनाशी झाल्यावरही कितीतरी वेळ तिथंच उभा होता. घरी चला म्हणावं, तर ती एकदाही म्हणाली नाही.

त्या आठवड्यात युनिफॉर्म शिवून आला. पांढरा, खांद्यावर सोनेरी पट्टी. मालकाच्या मुलानं स्वतः आणून दिला, घालायला लावला, फोटो काढला. या वेळी पुरा, पायापर्यंत. लुंगीच्या जागी पँट होती. खोलीतल्या सात जणांनी टाळ्या वाजवल्या. कासमनं तो खुंटीला टांगला आणि खाटेवर बसून त्याच्याकडं बघत राहिला. झोकदार होता, खोटं कशाला बोला.

शुक्रवारी नमाज झाली, आणि फोन वाजला.

"जेवलाव काय?"

"जेवलो."

"गोधडी घेताव काय?"

"घेतो."

तय्यबाच्या मागं कोंबड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी अंगण झाडत होतं. मग तिनं विचारलं, "गादे दिसले काय?"

खोलीत सात जोडी कान होते. कासमनं खुंटीवरच्या सोनेरी पट्टीकडं बघितलं, मांडीवरच्या नव्या गोधडीवरून हात फिरवला. तोंडात सवयीचा शब्द आला होता, तो त्यानं गिळला.

"नाय," तो म्हणाला. "नाय दिसले."

पलीकडं अंगण झाडणं तसंच चालू होतं.

"मंग या घरी," तय्यबा म्हणाली.